बोटीतल्या मधल्या खोल्या

कंपनीच्या फाटकावर टाइमकीपरने त्याला "कोंडीराम" म्हणून हाक मारली आणि जयसिंग "हो" म्हणाला. झालं ते एवढंच. टाइमकीपर म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, आणि हाकेचं कारण तरी काय, तर खिशावरचा बिल्ला उलटा लटकला होता. जयसिंगने बिल्ला सरळ केला, सायकलींच्या शेडवरून ड्रॉइंग ऑफिसच्या जिन्यापाशी आला, वर चढला, बोर्डावरचा कागद ताणून बसवला, आणि मग कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपलं नाव कोंडीराम नाही. कोंडीराम आपला बाप. टी-स्क्वेअरच्या पट्टीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. चूक टाइमकीपरची, मान्य. मोतीबिंदूवाल्याची होणारच. पण "हो" कोण म्हणालं? तेसुद्धा न अडखळता, जन्मभर त्याच नावाला ओ देत आल्यासारखं. त्याला कानशिलांत ऊब जाणवली. आपण घाबरलो आहोत हे कळायला त्याला थोडा वेळ लागला, कारण घाबरण्यासारखं आसपास काहीच नव्हतं. खिडकीबाहेर वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर होतं आणि टेबलावर गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटचं अर्धवट ड्रॉइंग होतं.

तसं पाहिलं तर टाइमकीपर अगदीच चुकला असंही नाही. कंपनीत तेव्हा एक रीत होती. कामगाराने वय व्हायच्या आधी जागा सोडली तर त्याच्या एका मुलाला आत घेत. एकालाच. तिला बापाची जागा म्हणत, आणि बिल्ल्याचा नंबरही बापाचाच मिळे. कोंडीराम फौंड्रीत भट्टीपुढे उभा राहणारा माणूस. जयसिंग औंधच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन बाहेर पडला आणि वर्षभर पिंपरीतल्या सगळ्या फाटकांवर नुसताच उभा राहिला, तेव्हा कोंडीराम एके दिवशी साहेबासमोर गेला आणि निवृत्तीला बराच अवकाश असताना जागा सोडून आला. आधी पोराला फौंड्रीच्या पटावर घेतलं, मग हात चांगला म्हणून ड्रॉइंग ऑफिसात बसवलं. तेव्हापासून जयसिंगने ही गोष्ट इतक्या तोंडांनी ऐकली होती की ती त्याला पाठ झाली होती. विहारात वंदनेनंतर सांगितली जाई. लग्न ठरताना कस्तुराच्या बापाने तीच पुढे केली होती, ज्या घरात बाप असा आहे तिथे पोरगी द्यायला हरकत नाही म्हणून. असा बाप मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणत. जयसिंग मान हलवी. नशीब लागतं हे खरंच होतं. फक्त त्या नशिबाखाली कधीतरी श्वास कोंडतो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि नेमकी आत्ताच ही हाक यावी. कारण कालच, रविवारी, ज्योतीराम येऊन गेला होता. ज्योतीराम आयटीआयमधला सोबती, आता मुंबईच्या गोदीत बोटींची ड्रॉइंगं काढतो. बहिणीकडे कॅम्पात आला होता, वाट वाकडी करून घरी आला. त्याच्या ऑफिसात एक जागा होती. शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघ, दुपारी तुझा हात बघतील, परीक्षा म्हणजे नुसती नावाला, असं म्हणाला. जाताना पाठीवर थाप मारून म्हणाला, "आयुष्यभर कागदावरच बोटी काढणारेस का भावा? तिथे त्या पाण्यात उतरतात."

बोटींचं वेड कुठून लागलं ते जयसिंगला नेमकं माहीत होतं. लहानपणी बाप त्याला सहा डिसेंबरला दादरला घेऊन गेला होता. चैत्यभूमीवर एवढी माणसं, की समुद्र आहे म्हणतात तो कुठे आहे ते कळेना. खारट वास येत होता आणि चहूकडे पांढरी धोतरं, पांढरी लुगडी, माणसांच्या पाठी. तो गुदमरून रडायला लागला तेव्हा कोंडीरामने त्याला उचलून खांद्यावर घेतलं. मग एकदम सगळं मोकळं झालं. डोकी खाली गेली, राखाडी पाणी दिसलं, आणि पाण्याच्या पार टोकाला एक बोट उभी होती. अंधारून यायला लागलं होतं आणि तिच्यात दिवे लागले होते, एकावर एक, ओळीने. तो बराच वेळ बघत राहिला. बापाच्या खांद्याला रग लागली असेल, पण बाप काही बोलला नाही. त्या दिव्यांमागे खोल्या असतील आणि खोल्यांत माणसं असतील, हे त्याला घरी परतल्यावर सुचलं. तेव्हापासून तो खोल्या मोजल्याशिवाय झोपत नसे.

बोटी पुढे कशा होतील यावर त्याचं एक मत होतं आणि ते कुणालाही पटत नसे. ज्योतीराम म्हणे, माणसं नेणाऱ्या बोटींचे दिवस भरले. विमानं आली. विलायतेला जायला आता आठवडेच्या आठवडे कोण काढतो पाण्यावर? भल्याभल्या बोटी भंगारात निघाल्या. जयसिंगचं म्हणणं बरोबर उलटं. विमानांमुळेच बोट सुटली, असं तो म्हणे. आजवर तिला कुठेतरी पोचायचं होतं. पोचायचं म्हणून वेग हवा, वेग हवा म्हणून अंग निमुळतं, कंबर बारीक. ते काम विमानाने उचलल्यावर तिला कसली घाई? आता ती हवी तेवढी रुंद होईल, हवी तेवढी उंच होईल. माणसं तिच्यात कुठे जायला म्हणून चढणारच नाहीत. नुसती राहायला चढतील. आठवडाभर पाण्यावर फिरतील आणि जिथून निघाली तिथेच हसतमुखाने उतरतील. पोचायचंच नसेल तर मोठं होण्याला मर्यादा कशाची? तिचं एक टोक पिंपरीच्या भाजीबाजारात ठेवलं तर दुसरं कॅम्पातल्या शेवटच्या कापडदुकानाला लागेल. आत बाग असेल, दवाखाना असेल, थिएटर असेल, पोहायला तळी असतील, समुद्रावर असून तळी. उंची वाढली की कलंडायची भीती, म्हणून बुडाला रुंद करायची. बंदरात शिरायचं म्हणून बूड उथळ ठेवायचं. आणि एवढं करूनही बंदरात मावणार नाहीच, मग ती बाहेर खोल पाण्यात उभी राहील आणि लहान होड्या माणसं ने-आण करतील. दिसायला ती बोटीसारखी राहणार नाही. हाउसिंग बोर्डाच्या इमारती परातीत उभ्या करून परात पाण्यात सोडावी, तशी दिसेल.

हे सगळं त्याने रद्द झालेल्या ड्रॉइंगांच्या पाठीवर काढलं होतं. रद्द कागद घरी न्यायला ऑफिसचे मुख्य, सोपानराव, हरकत घेत नसत. ते त्याला "कप्तान" म्हणत आणि बोट तयार झाली की पवना नदीत सोडू म्हणत. गुंडाळ्या घरी खाटेखाली असत, ज्वारीच्या डब्यामागे. सुरुवातीला बोट लहान होती, तेव्हा सगळं सोपं होतं. मधून एक बोळ, दोन्हीकडे खोल्या, प्रत्येक खोलीला पाण्याकडे खिडकी. पण बोट रुंद करायला घेतली आणि अडचण उभी राहिली. मधे जागा उरली. ती रिकामी कशी ठेवायची? मग तिथे आणखी एक बोळ, आणखी खोल्यांच्या दोन रांगा. या खोल्यांना चारी बाजूंनी भिंती. त्यांना खिडकी कशी द्यावी, यावर त्याने कितीतरी सुट्या घालवल्या. आधी वरून खाली हवेसाठी एक पोकळी सोडली, ती विहिरीसारखी दिसायला लागली. मग सगळी बोटच मधोमध चिरून आत एक गल्ली काढली, वर काचेचं छत, खाली दुकानं, आणि मधल्या खोल्यांच्या खिडक्या त्या गल्लीवर उघडल्या. त्या दिवशी तो खूश झाला होता. संध्याकाळी गॅलरीत उभा राहून समोरच्या इमारतीकडे बघत असताना, तिथे एक बाई सुपात काहीतरी निवडत त्याच्याकडे बघत असताना, त्याला कळलं की आपण हेच काढलं आहे. खिडकी आहे, पण ती समोरच्या खिडकीवर उघडते.

त्या सोमवारी ब्रॅकेट पुरं झालं नाही. पेन्सिल हातात होती, पण मन फाटकावरच रेंगाळत होतं. बापाने जागा दिली म्हणजे नेमकं काय दिलं? माणूस आपली जागा दुसऱ्याला देतो तेव्हा स्वतः कुठे जातो? कोंडीराम आता घरी असे. आई गेल्यापासून त्याचं बोलणं आधीच कमी झालेलं, सकाळी पवनेच्या काठाने फिरून यायचं, डालडाच्या डब्यात लावलेल्या मिरचीला पाणी घालायचं, संध्याकाळी दारातल्या पायरीवर बसायचं. त्याने कधी उपकार बोलून दाखवला नाही. बोलून दाखवला असता तर बरं झालं असतं, असं जयसिंगला पुष्कळदा वाटे. तोंडावर बोलणाऱ्या बापाशी भांडता येतं. गप्प बसणाऱ्या बापाच्या ताटातली भाकरी मोडताना मात्र घास अडकतो. मुंबईला जायचं तर त्याला सांगायला हवं: तुम्ही माझ्यासाठी जे सोडलं ते मला नको आहे. आणि एकदा सोडली की ही जागा गेली ती गेली. पुन्हा कुणाला मिळत नाही. हे वाक्य कुठून सुरू करायचं तेच त्याला समजेना.

कस्तुराला त्याने रविवारीच सांगितलं होतं. ती जायला एका पायावर तयार होती, पण म्हणाली, आबांना तुम्ही सांगा, त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकायला नको. मग मंगळवारी ज्वारीचा डबा ओढताना गुंडाळी बाहेर आली तशी तिने ती जमिनीवर पसरली, कडांवर वाट्या ठेवल्या आणि पहिल्यांदाच नीट बघितली. लग्न होऊन वर्षं झाली होती, पण नवऱ्याचा हा पसारा ती केर काढताना उचलण्यापुरताच ओळखत होती. बराच वेळ बघून तिने विचारलं, यात आपली खोली कोणती. जयसिंगने विचार न करता बोट टेकवलं. टेकवल्यावर बघितलं तर ते मधल्या रांगेत होतं, बोट आणखी रुंद केल्यावर वाढवलेल्या, जिची खिडकी गल्लीवरही उघडत नव्हती अशा.

"हितं खिडकी न्हाई," कस्तुरा म्हणाली.

एवढ्या मोठ्या बोटीत सगळ्यांना खिडकी कुठून मिळणार, असं तो काहीतरी म्हणाला. वजन, रुंदी, मधली जागा, हे तिला समजावायला लागला.

"आवं, पन बोट तुमीच काढलीया न्हवं?" ती म्हणाली, आणि वाट्या उचलून चुलीकडे गेली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते त्याला लागलं. बुधवारभर तो तेच एक वाक्य उलटंपालटं करत बसला. आपल्या हातात पेन्सिल असताना, कागद आपला असताना, अडवणारा कुणी नसताना आपण स्वतःला आत का ठेवलं? गेले तीन दिवस तो बापाला मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करत होता, आणि पहिल्यांदाच त्याला शंका आली की कदाचित बाप तिथे नाहीच. पण ही शंका फार वेळ बाळगायला परवडणारी नव्हती. त्यापेक्षा बाप बरा. त्याने ठरवलं, उद्या सांगून टाकायचं, मग जे होईल ते होईल.

गुरुवार कंपनीची सुटी. सकाळी तो बापाबरोबर नदीकडे गेला. पाणी उतरलेलं होतं, काठावर म्हशी बसल्या होत्या. कोंडीराम पुढे, तो मागे, असे बराच वेळ चालले. ज्योतीराम, गोदी, शुक्रवार, सगळं त्याने बापाच्या पाठीला सांगितलं. तोंडाकडे बघून सांगायची हिंमत नव्हती. शेवटी तो म्हणाला की तुमचं मन मोडत असेल तर मी जात नाही. हे म्हणताना त्याच्या छातीत काहीतरी आशेने हललं, आणि ती आशा "जा" ऐकण्याची होती की "नको" ऐकण्याची, हे त्याने तपासून बघितलं नाही.

कोंडीराम थांबला. एका दगडावर बसला, वहाणा काढल्या. त्याच्या पावलांवर जुने डाग होते, भट्टीतलं वितळलेलं लोखंड उडून पडलेले. तेच तो चोळू लागला.

"तुज्यासाठी जागा सोडली म्हनत्यात समदी," तो म्हणाला. "म्या बी म्हनू दिलं. गोड वाटायचं कानाला. पन खरं तसं न्हाई, जयसिंग. मला त्या भट्टीम्होरं उभं ऱ्हावंना झालं हुतं. सकाळी फाटक दिसलं की माघारी फिरावं वाटायचं. नुसतं सोडलं असतं तर मानसांनी काय म्हनलं असतं? तुजी आई काय म्हनली असती? मग तू दिसलास. साहेबाला म्हनलं, पोराला घ्या, मला सोडा. म्या सुटलो. तुला आत घातलं." त्याने वहाणा पुन्हा पायात सरकवल्या. "तुजं माजं काय देनं न्हाई. तू जा."

परतताना पुन्हा बाप पुढे, तो मागे. जयसिंगला राग यायला हवा होता. इतकी वर्षं ज्या उपकाराखाली तो वाकून चालला तो उपकारच नव्हता, हे कळल्यावर माणसाने निदान एक शिवी तरी हासडावी. किंवा हलकं वाटावं. दोन्ही झालं नाही. पायाखालची फरशी कुणीतरी काढून नेल्यासारखं वाटलं. आतापर्यंत दार बाहेरून बंद होतं आणि कडीवर बापाचा हात होता. आता कडीच नव्हती. घरी आल्यावर कोंडीरामने शेजारून कोळशाची इस्त्री मागून आणली आणि पोराच्या पांढऱ्या शर्टावर ती स्वतः फिरवली. भट्टीपुढे उभं राहणं सोसत नाही म्हणणारा माणूस निखाऱ्यांवर वाकून कॉलरची टोकं दाबत होता आणि कस्तुराला सांगत होता की मुंबईत घर मिळेपर्यंत पोरीने इथेच राहावं, मग मागून जावं. त्याच्या आवाजात जयसिंगने कधी न ऐकलेली उमेद होती. ती ऐकवत नव्हती.

शुक्रवारी सकाळी तो चिंचवड स्टेशनावर उभा होता. हातात भाकरीची पुरचुंडी, काखेत गुंडाळी, सगळ्यांत मोठ्या बोटीची. गाडी आली. डबा अगदी समोर येऊन थांबला, दारातल्या माणसाने सरकून जागा केली आणि हातही पुढे केला, या राव, चढा. जयसिंगने त्या हाताकडे बघितलं. मनगटावर काळा दोरा होता. त्याला वाटलं, चढायला काही नको, नुसता एक पाय उचलायचा. पाय जड नव्हता, दुखत नव्हता. तो फक्त उचलला जात नव्हता. गोदीत तो जाईल, कुणीतरी त्याचा कागद बघेल आणि हसेल किंवा हसणार नाही. आणि हसला नाही तर मग उरलेलं सगळं आयुष्य कशावर ढकलायचं? शिट्टी झाली. दारातल्या माणसाने हात मागे घेतला, चुकून दुसऱ्याच कुणाला दिला असावा तसा. गाडी गेली. फलाट रिकामा झाला तरी जयसिंग पिवळ्या पाटीखाली उभा होता, आणि लाजेच्या तळाशी त्याला जे सापडलं ते पाहून तो खरोखर घाबरला. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं.

तिथून तो पायी कंपनीत गेला. टाइमकीपरने उशीर मांडून घेतला. सोपानरावांनी शर्टाकडे बघून विचारलं, कप्तान, आज स्वारी वऱ्हाडात निघालीय वाटतं. तो हसला, पुरचुंडी खणात ठेवली आणि ब्रॅकेट पुरं केलं. रेघा स्वच्छ आल्या. संध्याकाळी भोंगा झाला तरी घरी जायची वेळ झालेली नव्हती, मुंबईची गाडी परत यायला अवकाश होता. तो बाजारात हिंडला. भाजीच्या पाट्यांमधून, कॅम्पातल्या कापडाच्या दुकानांवरून, शेवटपर्यंत जाऊन परत फिरला. मग पुन्हा गेला. एका दुकानदाराने त्याला दुसऱ्यांदा बघून काय हवं म्हणून विचारलं. काही नको, असं त्याने सांगितलं.

घरी पोचला तेव्हा दिवे लागले होते. कोंडीराम पायरीवर बसला होता. कस्तुरा आतून धावतच आली, ओले हात पदराला पुसत, काय झालं म्हणून. जयसिंगने वाक्य वाटेत घोटून ठेवलं होतं, ते बाहेर काढलं. जागा आधीच भरली होती. साहेबांच्या ओळखीच्या कुणालातरी घेतलं. कागद बघितलासुद्धा नाही. तो इतकं सरळ बोलला की क्षणभर त्याला स्वतःलाच त्या साहेबांचा राग आला. कस्तुराचा चेहरा उतरला. ती काही विचारणार तेवढ्यात कोंडीराम मधे बोलला.

"व्हय," तो म्हणाला, "मुंबईत तसंच असतंय. वळकीची मानसं आदी भरत्यात. ह्याच्या हाताला कोन इचारतो? तू भाकरी टाक, दमून आलाय त्यो."

कस्तुरा आत गेली. तव्याचा आवाज आला. जयसिंग वहाणा काढायला वाकला आणि बापाने बाजू घेतली म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वाकलेलाच होता तेव्हा कोंडीराम हळू, आत ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात बोलला.

"गाडीत बसतुयास ते बघाया आलो हुतो," तो म्हणाला. "म्या स्टेशनच्या पुलावर हुतो."

मग त्याने पायरीवरचा तांब्या उचलला आणि पोराच्या हातांवर पाणी ओतू लागला.